गुरखा पलटणीचा इतिहास शोधताना या चुका टाळा

मराठा पलटणींचा अभ्यास केलेल्यांच्या डोक्यात 1922 हे साल पक्कं बसलेलं असतं. त्या सालच्या हिंदी फौजेच्या फेररचनेत 103 वी मराठा ही पाचव्या मराठाची पहिली पलटण झाली, 105 वी दुसरी झाली. हा बदल एकदा लक्षात आला की जुने-नवे कागद बऱ्यापैकी जुळतात. गुरखा रेजिमेंटांना हाच हिशेब लावला तर फसगत ठरलेली. तिथे 1922 ने फारसं काही हललं नाही. खरा गुंता 1902 ते 1907 मधला आहे.

आकडा पकडून बसू नका

7 व्या गुरखा रायफल्सचं उदाहरण घ्या. 1902 मध्ये ब्रह्मदेशात थायेटम्यो इथे एक नवी पलटण उभी राहिली. तिचं नाव होतं 8 वी गुरखा रायफल्स. पुढच्याच वर्षी तिला 10 व्या गुरखाची दुसरी पलटण केलं, आणि 1907 मध्ये ती 7 वी गुरखा रायफल्स झाली. मग 1905 च्या कागदात '7 वी गुरखा' दिसली तर ती कोण? ती आसामातली जुनी 43 वी; 1907 पासून ती 8 व्या गुरखाची दुसरी पलटण. आणि त्याच काळातली '8 वी' म्हणजे सिल्हेटची जुनी 44 वी, पुढे 8 व्याची पहिली पलटण.

म्हणजे पाच वर्षांत '8 वी गुरखा' या एकाच नावाखाली वेगवेगळ्या पलटणी येऊन गेल्या. चांगल्या लेखांतही इथे सरमिसळ झालेली दिसते. उपाय साधा आहे. प्रत्येक पलटणीसाठी एक ओळ आखा, 1861, 1903, 1907 आणि 1948 असे रकाने करा, आणि कोणताही कागद हाती आला की आधी तारीख वाचा, मग नाव.

पदकांची यादी म्हणजे पराक्रमाची यादी नव्हे

6 जुलै 1904, तिबेटमधला ग्यांत्सेचा किल्ला. वर सांगितलेल्या 44 व्याचे, म्हणजे तेव्हाच्या 8 व्याचे जवान तटाला पडलेल्या खिंडाराकडे उघड्या कातळावरून चढत होते. एका वेळी एकच माणूस जाऊ शकेल एवढीच वाट, तीही हातापायांवर सरपटत. पुढे लेफ्टनंट जॉन ग्रँट, मागोमाग हवालदार करबीर पुन. वरून गोळ्या आणि दगड. माथ्याजवळ ग्रँट जखमी होऊन मागे फेकले गेले, करबीर सुमारे तीस फूट खाली कोसळले. दोघं पुन्हा चढले आणि खिंडारातून आत शिरले.

ग्रँटना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालं. करबीर पुन यांना हिंदी सैनिकांसाठीचं शौर्यपदक, इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट, पहिला वर्ग. कारण 1911 पर्यंत हिंदी फौजेतल्या देशी सैनिकाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळण्याची सोयच नव्हती. तो मिळवणारे पहिले गुरखा सैनिक म्हणजे 2/3 गुरखाचे (तिसऱ्या गुरखाच्या दुसऱ्या पलटणीचे) कुलबीर थापा, 1915 मध्ये, फ्रान्सच्या आघाडीवर. त्यामुळे 1911 पूर्वीचा शोध फक्त व्हिक्टोरिया क्रॉसच्या यादीत घेतलात, तर हाती येतील फक्त गोरे अधिकारी. ऑर्डर ऑफ मेरिटच्या नोंदी बघितल्याशिवाय त्या काळावर एक ओळही लिहू नये, असं माझं ठाम मत आहे.

'1/5' एवढंच वाचून पुढे जाऊ नका

1/5 म्हणजे पाचव्या रेजिमेंटची पहिली पलटण. पण कुठल्या पाचव्या? इटलीत 8 व्या हिंदी डिव्हिजनमध्ये 1/5 गुरखाही होती आणि 1/5 मराठाही. थमन गुरुंग (नोव्हेंबर 1944) 1/5 गुरखाचे, नामदेव जाधव (एप्रिल 1945) 1/5 मराठाचे. दोघंही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी, एकाच डिव्हिजनचे. भर म्हणून याच डिव्हिजनमध्ये एसेक्स रेजिमेंटचीही 1/5 होती. नुसता आकडा दिसला तर ब्रिगेड तपासा: 17 वी असेल तर गुरखा, 21 वी असेल तर मराठा.

'गुरखा फौज' म्हणजे दर वेळी रेजिमेंट नव्हे

1858 च्या लखनौच्या वर्णनांत येणारी गुरखा फौज बहुतांशी जंगबहादुर राणांची, म्हणजे नेपाळ दरबारची. इंग्रजांच्या पगारावरच्या पलटणी वेगळ्या. घरात 'आजोबा गुरख्यात होते' असं सांगत असतील, तर आसाम रायफल्स ही निमलष्करी फौजही तपासून बघा.

तसंच माणेकशॉ 8 व्या गुरखाशी कायमचे जोडले गेले हे खरं, पण फेब्रुवारी 1942 मध्ये ब्रह्मदेशात सितांगला मिळवलेला मिलिटरी क्रॉस 12 व्या फ्रंटियर फोर्स रेजिमेंटमधला आहे.

रेजिमेंटच्या छापील इतिहासावरच थांबू नका

हे ग्रंथ अधिकाऱ्यांनी आपल्या पलटणीच्या अभिमानाने लिहिलेले असतात. 1857 च्या दिल्लीत सिरमूर ही गुरखा पलटण हिंदुरावच्या वाड्यात महिनोन्‌महिने ठाण मांडून लढली, ते पानंच्या पानं वाचायला मिळतं. तो हिंदुराव म्हणजे बायजाबाई शिंद्यांचा भाऊ, घाटगे घराण्यातला, हे मात्र तिथे क्वचितच कळतं. समोरच्या बाजूने कोण लढत होतं, तेही नाही.

म्हणून युद्धडायऱ्या, म्हणजे पलटणींनी लढाईच्या काळात ठेवलेल्या रोजच्या नोंदी, वाचा. त्या लंडनजवळ क्यूच्या अभिलेखागारात आहेत: पहिल्या महायुद्धासाठी डब्ल्यूओ (वॉर ऑफिस) 95 ही कागदांची मालिका, दुसऱ्यात ब्रह्मदेशासाठी डब्ल्यूओ 172. भारतातल्या कागदांसाठी दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार.

नावावरून माणूस ठरवू नका

एकाच पलटणीत एकाच नावाचे अनेक जण असत, म्हणून तिथे माणसाला लष्करी नंबराचे शेवटचे आकडे जोडून हाक मारत. 'थापा' मगरही असतो, छेत्रीही. आधी नंबर मिळवा, मग वडिलांचं नाव आणि गाव. आणि कबर शोधत बसू नका. बहुतेकांचं दहन झालं, किंवा देह मिळालाच नाही. नावं आहेत ती फ्रान्समध्ये न्यव्ह शापेलच्या आणि ब्रह्मदेशात टाउक्यानच्या स्मारकावर. टाउक्यानला जवळपास 27,000 नावं आहेत, रेजिमेंटवार कोरलेली. तेव्हा स्मारकाकडे वळण्याआधी मृत्यूच्या तारखेला तो माणूस कुठल्या पलटणीत होता, ते नक्की करा.