कारखान्यासाठी एआर हेडसेट: निवड, चाचणी आणि रोजचा वापर

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील एखाद्या मध्यम आकाराच्या कारखान्यात एआर (ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी) हेडसेट, म्हणजे काम करताना डोळ्यांपुढे माहिती किंवा आकृती दाखवणारे डोक्यावर घालायचे उपकरण, आणण्याचा विषय निघाला, की पहिली बैठक बहुधा कोणते मॉडेल घ्यायचे यावरच होते. ती बैठक थोडी पुढे ढकलावी आणि आधी मेंटेनन्स विभागाचे ब्रेकडाउन लॉगबुक घेऊन बसावे. मागील वर्षभरातील प्रत्येक नोंदीसमोर एकच प्रश्न लिहावा: वेळ प्रत्यक्ष दुरुस्तीत गेला, की माहिती मिळवण्यात? सुटा भाग वेळेवर आला नाही म्हणून यंत्र बंद राहिले असेल, तर हेडसेट तेथे काहीही करू शकत नाही. मात्र फिटर पॅनेलसमोर उभा, वायरिंगचे ड्रॉइंग ऑफिसच्या कपाटात आणि यंत्राची खडानखडा माहिती असलेला अभियंता पुण्यात किंवा परदेशात, अशा नोंदी वारंवार सापडत असतील, तर पुढचा विचार करण्यास आधार आहे.

त्यानंतरची चाळणी हातांची. ज्या कामात फिटरचे दोन्ही हात सतत गुंतलेले असतात आणि त्याच वेळी त्याला काहीतरी वाचावे, पाहावे किंवा विचारावे लागते, ते काम हेडसेटसाठी योग्य होय. दिवसातून शंभर वेळा होणारी, अंगवळणी पडलेली जोडणी या यादीत बसत नाही, कारण तेथे कोणालाच सूचनांची गरज नसते. मोबाईल स्टँडवर लावून व्हिडिओ कॉल केल्याने जे काम भागते, त्यासाठीही हेडसेट घेऊ नये. ही मोबाईलची चाचणी अनेक कंपन्या टाळतात, कारण तीत मिरवण्यासारखे काही नसते. पण पुढच्या सगळ्या मोजमापाची तुलना तिच्याशीच करायची असल्याने ती आधी करून ठेवावी.

कोणत्या प्रकारचे उपकरण

या बाजारात एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिल्या प्रकारात एका डोळ्यापुढे, थोडा खाली किंवा बाजूला, एक लहान पडदा असतो आणि कॅमेरा, मायक्रोफोन व बॅटरी डोक्यावरच्या पट्ट्यावर किंवा हेल्मेटला अडकवलेली असते. रिअलवेअरचा नॅव्हिगेटर ५०० आणि व्ह्युझिक्सचा एम४०० ही त्याची परिचित उदाहरणे. रिअलवेअरचा पडदा हातभर अंतरावर धरलेल्या सात इंची टॅबलेटएवढा भासतो आणि तो आवाजी आज्ञांवर चालतो. हे उपकरण यंत्रावर कोणतीही आकृती चिकटवून दाखवत नाही. ड्रॉइंग, चेकलिस्ट आणि दूरच्या अभियंत्याशी बोलणे एवढेच ते नीट करते.

दुसऱ्या प्रकारात दोन्ही डोळ्यांपुढे पारदर्शक भिंगे असतात आणि कॅमेरे व हालचाल मोजणारे सेन्सर मिळून खोलीचा त्रिमितीय नकाशा सतत तयार करत राहतात. त्यामुळे नेमका कोणता बोल्ट आधी सैल करायचा हे त्या बोल्टवरच बाण उमटवून दाखवता येते आणि डोके हलवले तरी बाण जागेवर राहतो. मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २ आणि मॅजिक लीप २ हे या गटातील. औद्योगिक एआरची सुरुवातही अशाच गरजेतून झाली होती. बोइंगचे टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या शोधनिबंधात विमानातील वायरिंगच्या जोडणीसारख्या कामांसाठी लागणारी माहिती कामगाराला थेट कामाच्या जागेवर दिसावी, अशी कल्पना होती.

तिसऱ्या प्रकारात डोळे पूर्ण झाकले जातात आणि बाहेरचे दृश्य कॅमेऱ्यातून दाखवले जाते. मेटा क्वेस्ट ३ या जातीचा आहे. चालू यंत्रांमध्ये तो वापरू नये, कारण बॅटरी संपली किंवा सॉफ्टवेअर अडकले तर घालणाऱ्यापुढे एकदम अंधार होतो. प्रशिक्षण वर्गात मात्र त्याचा चांगला उपयोग आहे. ठाण्यातीलच अजनालेन्स ही कंपनी एक्सआर (एआर आणि व्हीआर या दोन्हींसाठीचे एकत्रित नाव) हेडसेट आणि कौशल्य-प्रशिक्षणाच्या प्रणाली बनवते. प्रशिक्षण हाच हेतू असेल तर परदेशी नावांच्या मागे लागण्यापूर्वी जवळचा पर्याय प्रत्यक्ष जाऊन पाहावा.

माझे मत विचाराल तर रबाळे, महापे, वागळे इस्टेट येथील बहुतेक कारखान्यांना पहिला प्रकार पुरेसा आहे. दुसरा प्रकार तेव्हाच घ्यावा, जेव्हा वस्तूची नेमकी जागा दाखवणे हाच कामाचा गाभा असतो, उदाहरणार्थ पाइपलाइन बसवण्यापूर्वी तिचा आराखडा जागेवर ताडून पाहणे. येथे एक मर्यादा आधीच ध्यानात घ्यावी. होलोलेन्स २ मधील प्रतिमेचे दृष्टी-अंतर साधारण २ मीटरवर स्थिर असते आणि आभासी मजकूर १.२५ ते ५ मीटरच्या पट्ट्यात ठेवावा, अशी मायक्रोसॉफ्टची शिफारस आहे. टेबलावर हातभर अंतरावर सर्किट जोडणाऱ्या कामगाराचे डोळे त्यामुळे एकाच वेळी दोन अंतरांवर रोखले जातात आणि लवकर थकतात. भव्य प्रात्यक्षिक पाहून भारावलेल्या व्यवस्थापनाला ही गोष्ट खरेदीनंतर कळते.

उपकरण किती वर्षे टिकणार, हा प्रश्न आधी

कारखान्यातील कंप्रेसर पंधरा-वीस वर्षे चालतो, या क्षेत्रातील कंपन्यांचे निर्णय मात्र फार लवकर बदलतात. गूगलने ग्लास एंटरप्राइझ एडिशन या कंपन्यांसाठीच्या स्मार्ट चष्म्याची विक्री मार्च २०२३ मध्ये थांबवली आणि सप्टेंबर २०२३ पर्यंतच साहाय्य दिले. औद्योगिक एआर हेल्मेटसाठी नावाजलेली डाक्री ही कंपनी २०१९ मध्ये बंद झाली. होलोलेन्स २ चे उत्पादन २०२४ मध्ये थांबले असून त्यासाठी सुरक्षा अपडेट ३१ डिसेंबर २०२७ पर्यंतच मिळणार आहेत. त्यामुळे शिल्लक साठ्यातील होलोलेन्स २ कोणी स्वस्तात देऊ केला, तर ही तारीख पाहूनच व्यवहाराचे गणित करावे.

यावर दोन उपाय आहेत. विक्रेत्याकडून सुटे भाग, बॅटरी आणि सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षे मिळतील हे खरेदीच्या ऑर्डरमध्येच लेखी घ्यावे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे सूचना, छायाचित्रे व त्रिमितीय मॉडेल कोणत्याही एका हेडसेटच्या बंदिस्त स्वरूपात अडकू देऊ नयेत. मूळ फाइल कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर ठेवाव्यात, म्हणजे उद्या उपकरण बदलले तरी केलेली मेहनत वाया जात नाही. पैशाचा विचार करताना होलोलेन्स २ ची ३,५०० डॉलर किंवा मॅजिक लीप २ ची ३,२९९ डॉलर ही जाहीर झालेली सुरुवातीची किंमत म्हणजे केवळ यंत्राची किंमत होती, हे विसरू नये. आयातीचा खर्च, कर, सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्क आणि सूचना तयार करणाऱ्या माणसाचा वेळ त्यात नाही.

सुरक्षिततेची बाजू

पावणे, तुर्भे किंवा तळोजा येथील रासायनिक कारखान्यांत ज्वलनशील वाफ असू शकणाऱ्या जागा, वाफ किती वेळा आणि किती काळ असते त्यानुसार, झोन ०, १ आणि २ अशा वर्गांत मोडतात. सर्वसाधारण हेडसेट अशा जागी ठिणगीचे कारण ठरू शकतो. त्यात लिथियम बॅटरी असते, ही बाब विसरली जाते. तेथे त्या झोनसाठी प्रमाणित उपकरणच न्यावे, जसे झोन १ साठी बनवलेले रिअलवेअरचे एचएमटी-१झेड१. आणि भारतात त्याला पेसोची (पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेची) मान्यता लागू आहे का, हे सुरक्षा अधिकाऱ्याने कागदपत्रे पाहून ठरवावे. ‘दोनच मिनिटांचे काम आहे’ हा युक्तिवाद वर्क परमिटच्या बाबतीत ऐकला जात नाही, तो येथेही ऐकू नये.

हेल्मेट आयएस २९२५ मानकाचे असेल, तर हेडसेट अडकवण्यासाठी त्याच्या कवचाला भोक पाडू नये. निर्मात्याने दिलेल्या क्लिपच वापराव्यात. कानाचे संरक्षक आणि सुरक्षा चष्मा घातल्यावर हेडसेट नीट बसतो का, हे दुकानात नव्हे तर प्रत्यक्ष फिटरच्या डोक्यावर तपासावे. चालताना पडदा पाहायचा नाही, शिडीवर असताना किंवा क्रेनखाली तो वर सरकवायचा, आणि सूचना वाचायची ती जागेवर उभे राहूनच, हे तीन नियम मराठीत छापून चार्जिंगच्या जागेवर लावावेत.

एका डोळ्याचा पडदा कोणत्या बाजूला लावायचा हे ज्याच्या-त्याच्या प्रबळ डोळ्यावरून ठरवावे. दोन्ही तळहात पुढे करून त्यांच्यामध्ये लहान त्रिकोणी फट ठेवावी, त्यातून दूरची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी पाहावी आणि मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने पाहताना वस्तू फटीतच राहते तो प्रबळ. दोन्ही डोळ्यांच्या हेडसेटमध्ये बाहुल्यांमधील अंतराची जुळणी प्रत्येक माणसासाठी वेगळी करावी लागते. ती न करता शिफ्टमध्ये एकाचा हेडसेट दुसऱ्याने घातला, की डोके दुखण्याची तक्रार आलीच.

जागेची पाहणी

पत्र्याचे छप्पर, लोखंडी रॅक आणि मोठी पॅनेले यांमुळे शेडमधील वायफाय असमान असते. हातात लॅपटॉप किंवा मोबाईल घेऊन, व्हिडिओ कॉल चालू ठेवून, चाचणीच्या यंत्राभोवती पूर्ण फेरी मारावी आणि चित्र कोठे अडकते ते नकाशावर लिहावे. येथे अपलोडचा वेग महत्त्वाचा आहे, कारण चित्र कारखान्यातून बाहेर जाते. आयटी विभागाला हेडसेटसाठी स्वतंत्र नेटवर्क देण्यास सांगावे आणि फायरवॉलची परवानगी आधीच मिळवावी. परदेशातील अभियंता कॉलवर वाट पाहत असताना पासवर्ड शोधत बसणे शोभत नाही.

पावसाळा हा ठाणे-नवी मुंबईतील वेगळा प्रश्न आहे. वातानुकूलित कंट्रोल रूममधून दमट शेडमध्ये आल्यावर भिंगांवर बाष्प धरते, कपाळाचा घाम पट्ट्यात मुरतो आणि मग हेडसेट घालायला कोणी तयार होत नाही. धूळ व पाण्याच्या झोतापासून संरक्षण देणारे आयपी६६ दर्जाचे उपकरण निवडावे, प्रत्येक फिटरला कपाळाची स्वतंत्र गादी द्यावी आणि मे महिन्यात दुपारी शेडमधील तापमान मोजून ते माहितीपत्रकातील मर्यादेशी ताडून पाहावे.

दुसऱ्या प्रकारच्या हेडसेटसाठी प्रकाश आणि पृष्ठभागही तपासावे लागतात. होलोलेन्स २ सारखे पारदर्शक भिंग प्रकाशात भर घालू शकते, प्रकाश कमी करू शकत नाही. म्हणून शटरमधून ऊन येत असेल तेथे आकृती फिक्या पडतात. चकचकीत स्टेनलेस स्टीलच्या टाक्या, कोऱ्या पांढऱ्या भिंती आणि सतत हलणारा कन्व्हेयर यांमुळे हेडसेटची जागेची ओळख डळमळते. जागा पक्की करण्यासाठी क्यूआर खूण लावायची असेल तर ती यंत्राच्या पायावर किंवा स्थिर चौकटीवर लावावी. पॅनेलच्या दारावर लावली, तर दार उघडताच सगळे बाण दाराबरोबर फिरतात.

सूचना कशा लिहाव्यात

सर्वाधिक वेळ येथे द्यावा. जुनी एसओपी (कामाची ठरलेली लेखी पद्धत) जशीच्या तशी हेडसेटवर टाकली, तर कोणी वाचत नाही. एका पायरीत एकच कृती, एकच छायाचित्र आणि एकच लहान वाक्य असावे, आणि ती पायरी बरोबर झाली हे फिटरने कशावरून ओळखायचे तेही त्यातच असावे: ‘वाल्व्ह बंद करा, गेजचा काटा शून्यावर आला पाहिजे.’ भागांची नावे कॅटलॉगमधील न वापरता शॉप फ्लोअरवर बोलली जाणारी घ्यावीत. त्यासाठी सर्वांत जुन्या फिटरला एक काम करायला सांगावे, त्याच्या डोक्यावर कॅमेरा लावावा, आणि तो काय करतो याबरोबर काय बोलतो हेही उतरवून घ्यावे. यंत्राचा कोणता आवाज चांगला आणि कोणता वाईट, हे कोणत्याही मॅन्युअलमध्ये लिहिलेले नसते.

देवनागरीची चाचणी वेगळी करावी. युनिटीसारख्या ज्या मंचांवर अशी ॲप्स बनतात, त्यांतील मजकूर दाखवण्याच्या नेहमीच्या सोयीत जोडाक्षरे व वेलांट्या मोडून दिसण्याचा प्रकार घडतो. ‘स्क्रू’, ‘प्रेशर’, ‘फिल्टर’, ‘दुरुस्त्या’ असे शब्द पडद्यावर आणून पाहावेत. ते तुटत असतील आणि विक्रेत्याकडे उपाय नसेल, तर मजकूर चित्र म्हणून टाकावा. आवाजी आज्ञाही कंप्रेसर चालू असताना, आपल्याच फिटरच्या उच्चारात तपासाव्यात.

चाचणीचा काळ

एक यंत्र, एक किंवा दोन कामे, आणि वेगवेगळ्या शिफ्टमधील दोन-तीन माणसे एवढ्यावर सुरुवात करावी. त्यांत एक अनुभवी आणि एक नवखा असलाच पाहिजे. उपकरण शक्यतो भाड्याने किंवा चाचणीसाठी मागून घ्यावे. यंत्र बंद पडल्यापासून योग्य माणसाशी बोलणे होईपर्यंतचा वेळ, दुरुस्तीचा वेळ, तोच दोष परत आला का, आणि हेडसेट सलग किती वेळ डोक्यावर राहिला, या चार गोष्टी मोजाव्यात. चौथी नोंद सर्वांत प्रामाणिक असते. नवलाईचा पहिला आठवडा हिशेबात धरू नये.

कॅमेऱ्याबद्दल कामगारांशी आधीच बोलावे. डोक्यावरचा कॅमेरा म्हणजे पाळत, असा संशय येणे स्वाभाविक आहे आणि तो ‘तसे काही नाही’ म्हटल्याने जात नाही. चित्रीकरण कधी होते, कोठे साठते, किती दिवसांनी पुसले जाते आणि शिस्तभंगाच्या कारवाईसाठी ते वापरले जाणार नाही, हे युनियनच्या प्रतिनिधींसमोर लेखी द्यावे. चित्रीकरणात माणसांचे चेहरे येतात, त्यामुळे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा विचार कंपनीच्या कायदेशीर सल्लागाराने करावा. ग्राहकाची ड्रॉइंग किंवा त्याचा माल कॅमेऱ्यात येत असेल, तर गोपनीयतेचा करारही तपासावा.

चाचणीनंतर खरेदी करायची ठरली, तर संख्या माणसांवरून न ठरवता एका वेळी किती यंत्रांवर मदत लागू शकते यावरून ठरवावी; बहुतेक ठिकाणी एक वापरात आणि एक राखीव एवढे भागते. बॅटऱ्या मात्र जास्त घ्याव्यात. हेडसेटची जबाबदारी मेंटेनन्समधील एका ठरावीक माणसाकडे नावानिशी सोपवावी. शिफ्ट बदलताना त्याने किंवा त्याच्या बदलीने भिंग पुसणे, गादी बदलणे, बॅटरी चार्जिंगला लावणे आणि रजिस्टरमध्ये सही करणे ही कामे करावीत. यंत्रात कोणताही बदल झाला, की त्याच आठवड्यात संबंधित पायरीचे छायाचित्र बदलण्याचे कामही त्याच्याच यादीत असावे.