येऊरला सायकल नेण्याआधी पंप आणि मल्टी-टूल नीट निवडा

ठाण्यातल्या येऊरच्या चढावर किंवा खारघरच्या टेकडीवर पंक्चरवाला भेटेलच असं नाही. पंप आणि मल्टी-टूल (एकातच घडी होणारी अनेक अवजारं) सोबत हवंच. पण ‘१२० पीएसआय’ (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) लिहिलेला पंप बघून भुलू नका, तो रोड बाइकच्या बारीक टायरसाठी असतो. माउंटन बाइकच्या जाड टायरला साधारण २० ते ३० पीएसआय पुरतात. तिथे दाब कमी, पण हवा भरपूर लागते. बारीक नळीचा पंप दर वेळी चिमूटभर हवा ढकलतो आणि हात भरून येतात. म्हणून ‘हाय व्हॉल्यूम’ पंपच घ्या, तोही लवचिक होजचा, म्हणजे व्हॉल्व्हला जोडायचा पाइप असलेला. थेट व्हॉल्व्हवर बसणाऱ्या पंपाने हिसके बसून माझ्या ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळाशीच फाटला होता. पाऊण तास सायकल ढकलत खाली आलो. आपला व्हॉल्व्ह जाड श्रेडर आहे की बारीक प्रेस्टा, हेही आधी बघा.

मल्टी-टूलमध्ये वीस अवजारांची गरज नाही. ४, ५, ६ मिमीच्या एलन की (षटकोनी चाव्या), डिस्क रोटरच्या (डिस्क ब्रेकच्या चकतीच्या) बोल्टसाठी टी२५ (ताऱ्याच्या आकाराचं टोक) आणि चेनची पिन काढणारा चेन ब्रेकर, एवढं मात्र सोडू नका. चेनच्या स्पीडला (मागच्या गिअरच्या संख्येला) जुळणारी एक क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची कडी, आणि टायर रिमवरून उचकटायचे दोन टायर लिव्हर बॅगेत टाका. टूल सायकलच्या प्रत्येक बोल्टला लावून बघा. बॉटल केजच्या (पाण्याच्या बाटलीच्या स्टँडच्या) आत आखूड की बऱ्याचदा फिरतच नाही.

ठाण्याच्या पावसात टूल लवकर गंजतं. राइडनंतर पुसून सांध्यांवर तेलाचा थेंब सोडा.