घरात गेमिंग कन्सोल घ्यावा का? घेण्याआधी काय बघायचं आणि घेतला तर कसा वापरायचा

दहा-बारा वर्षांची पोरं घरात असली की हा विषय कधी ना कधी निघतोच, मित्राकडे पीएस ५, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन, आलाय, आपण कधी घ्यायचा. मग आईबाबा यूट्यूबवर व्हिडिओ बघत बसतात, तिथे सगळं फोर-के आणि एफपीएस आणि ग्राफिक्स, पण आपल्या घरातल्या चार माणसांना याचा उपयोग काय हे कोणी सांगतच नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय. माझं मत आधीच सांगतो, कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन, तो घेण्यासारखा आहे, पण घरातलं एक तरी मोठं माणूस दुसरा रिमोट म्हणजे कंट्रोलर हातात घेऊन पोरांच्या शेजारी बसणार असेल तरच. बसणार नसेल तर घेऊ नका, खरंच सांगतो, तेवढ्या पैशात चांगली सायकल येते, कॅरम येतो, पोहण्याचा क्लास होतो आणि वर पैसे उरतात.

बरेच जण म्हणतात मोबाईलच कमी होता का, त्यात आणखी एक स्क्रीन कशाला. मला उलट वाटतं. मोबाईलवर पोरगं कोपऱ्यात जाऊन कानात इयरफोन घालून काय खेळतंय, कोणाशी बोलतंय, आपल्याला काही कळत नाही. कन्सोल टीव्हीला लागतो, टीव्ही हॉलमध्ये असतो, स्वयंपाकघरातून येता-जाता सगळ्यांना दिसतं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे पिवळ्या कॅसेटचा टीव्ही गेम होता त्याची मजा पण हीच होती, कॉन्ट्रामध्ये दोघं भाऊ एकदम खेळायचे आणि बाकीचे मागे बसून आरडाओरडा करायचे. त्यामुळे घेतलात तर हॉलमध्येच ठेवा. मुलाच्या खोलीत वेगळा टीव्ही लावून तिथे कन्सोल दिला तर तो घरचा राहत नाही, त्याचा एकट्याचा होतो.

आता घ्यायचा की नाही हे ठरवायचं कसं, तर मशीनचे मॉडेल बघण्याआधी माणसं मोजा. शनिवारी संध्याकाळी घरात कोण कोण असतं, त्यातलं कोण खेळेल, सगळ्यात लहान केवढं, आजी-आजोबा आहेत का. पाच वर्षांखालचं एकच मूल असेल तर थांबा, घाई नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये लहान मुलांसाठी जे सांगितलंय त्यात दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसल्या जागी स्क्रीन दिवसाला एक तासाच्या वर नको आणि जितकी कमी तितकी चांगली असं आहे, आणि तो तास कार्टूनमध्येच संपलेला असतो. दहावी-बारावीचं वर्ष तोंडावर असेल तरी नका घेऊ, त्या वर्षी घरात कटकटीला आधीच पुष्कळ कारणं असतात. साधारण सात ते चौदा या वयात दोन मुलं, किंवा एक मूल आणि खेळायला तयार असलेला बाप किंवा आई, अशा घरात याचे पैसे खरोखर वसूल होतात.

आणि तरीही शंका असेल तर विकत घेऊच नका, आधी भाड्याने आणा. मुंबई-पुण्यात कन्सोल भाड्याने देणारे सापडतात, डिपॉझिट आणि ओळखपत्र घेतात, शुक्रवारी आणायचा सोमवारी परत. मात्र सुट्टीत किंवा वाढदिवसाला आणू नका, तेव्हा सगळंच छान वाटतं, शाळा चालू असतानाचा साधा शनिवार-रविवार बघा. पहिल्या दिवशी सगळे तुटून पडणारच, त्याला काही अर्थ नाही. रविवारी दुपारी काय होतं ते नीट बघा, मुलगी बाबांना हाक मारते का की चला एक राउंड, का एकटंच कोणीतरी दार लावून बसलंय. त्यावरून तुमचं उत्तर तुम्हालाच मिळेल.

आता कुठला घ्यायचा. घर म्हणून बघितलं तर माझ्या मते निन्टेन्डो स्विच सगळ्यात पुढे आहे, कारण त्याचे बरेचसे गेम मुळातच चार जणांनी एका सोफ्यावर बसून खेळायला केलेले आहेत. त्याचा रिमोट दोन तुकड्यांचा असतो, प्रत्येकाला एक तुकडा दिला की बऱ्याच गेममध्ये दोघांचं तिथेच भागतं, वेगळा कंट्रोलर घ्यावा लागत नाही. २०१७ ला पहिला स्विच आला, २०२५ च्या जूनमध्ये स्विच २ आला आणि जुन्याचे बहुतेक गेम नव्यावर चालतात. एक सांभाळा, स्विच लाइट नावाचं जे छोटं मॉडेल आहे ते टीव्हीला लागत नाही, ते एकट्याने हातात धरून खेळायचं आहे, स्वस्त दिसतं म्हणून घरासाठी ते घेऊ नका. स्विचची अडचण आपल्याकडे वेगळीच आहे, कंपनी भारतात अधिकृतपणे विकत नाही, त्यामुळे दुकानात मिळतो तो बाहेरून आणलेला, भाव दुकानागणिक वेगळा, आणि वॉरंटी म्हणजे तो दुकानदार देईल तेवढीच. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलात तर दोन-चार दुकानं फिरून भाव काढा आणि बिघडला तर काय ते बिलावर लिहून घ्या. ऑनलाइन स्टोअर पण भारताचं नाही, लोक दुसऱ्या देशाचं अकाउंट उघडतात, त्यात पेमेंटची खटपट असते, म्हणून कार्ट्रिज, म्हणजे गेमची छोटी कॅसेट, घेणं सोपं, खेळून झालं की विकता पण येतं. अमेरिकेतून किंवा दुबईहून कोणी नातेवाईक येणार असेल तर त्यांच्याकडून मागवायला हरकत नाही, कार्ट्रिजला देशाचं बंधन नाही, फक्त पिन वेगळी असते आणि वॉरंटी इथे धरूच नका.

घरात क्रिकेट-फुटबॉलचे वेडे असतील, मुलं बारा-तेराच्या पुढची असतील, तर पीएस ५ बरा. आपल्याकडे तो अधिकृत मिळतो, सर्व्हिस मिळते. २०२४ ला त्याचं स्लिम मॉडेल इथे आलं तेव्हा डिस्कवाला ५४,९९० आणि बिनडिस्कचा ४४,९९० होता, सेलमध्ये कमी-जास्त होतं, घ्यायच्या दिवशीचा भाव बघा. दहा हजार जास्त गेले तरी डिस्कवालाच घ्या असं मी सांगेन. मोठे नवीन गेम पाच हजारापर्यंत जातात, डिस्क असेल तर सेकंडहँड घेता येते, मित्रांशी अदलाबदल होते, खेळून विकता येते, पीएस ४ च्या जुन्या डिस्क पण चालतात. डाउनलोड केलेला गेम एकदा घेतला की घेतला. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस २०२० मध्ये ३४,९९० ला आला होता, लहानसा आहे, त्याला डिस्क नाहीच, गेम पासची वर्गणी भरून भरपूर गेम मिळतात, पण वर्गणी वर्षानुवर्षं चालू राहते हे हिशोबात धरा आणि नेट चांगलं हवं.

हिशोब करताना मशीनची किंमत म्हणजे खर्च असं धरू नका. दुसरा कंट्रोलर हवाच, त्याशिवाय घरचा कन्सोल होतच नाही, तो पीएस ५ चा असेल तर पाच-सहा हजार. दोन-तीन गेम. चार्जिंगची सोय. ऑनलाइन खेळायचं तर वेगळी वर्गणी, ती पहिल्या वर्षी भरूच नका, घरातल्या घरात खेळायला लागत नाही. विजेची भीती घालतात लोक, ती तितकीशी खरी नाही. पीएस ५ मोठा गेम चालवताना २०० वॅटच्या आसपास घेतो म्हणजे पाच तासाला एक युनिट, टीव्हीचं वेगळं. पहिला स्विच तर याच्या दहावा हिस्साही घेत नाही. पीएस ५ आणि एक्सबॉक्सचे मोठे गेम मात्र ५० ते १०० जीबीचे असतात, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर हे जमणार नाही, घरी फायबर नसेल तर पुन्हा डिस्क किंवा कार्ट्रिजच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गेम कुठले. इथेच बहुतेक घरात गाडी अडकते, कारण मशीन घेतात पन्नास हजाराचं आणि गेम घेतात जो जाहिरातीत दिसतो तो, आणि तो निघतो एकट्याचा. घेण्याआधी किती प्लेयर ते वाचा, आणि ते एकाच टीव्हीवर आहेत का ऑनलाइन आहेत हे पण बघा, दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्विचवर मारिओ कार्ट ८ डिलक्स या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये चार जण एका स्क्रीनवर, आणि त्यात स्मार्ट स्टीअरिंग चालू केलं की सहा वर्षांचं पोरगं पण रस्त्याबाहेर पडत नाही, त्यामुळे ताई-दादाबरोबर तेही शर्यत पूर्ण करतं. आजी-आजोबांसाठी निन्टेन्डो स्विच स्पोर्ट्स, त्यात बोलिंग आहे, बॅडमिंटन आहे, टेनिस आहे, बटणं जवळजवळ नाहीतच, हात फिरवायचा. मनगटाचा पट्टा बांधल्याशिवाय कोणाला खेळू देऊ नका, रिमोट हातातून सुटतो आणि समोर टीव्हीच असतो. मधला टीपॉय पण बाजूला सरकवा.

पीएस ५ वर सॅकबॉय अ बिग अॅडव्हेंचर चार जणांत खेळता येतो, ॲस्ट्रोज प्लेरूम कन्सोलमध्ये फुकटच येतो, एकट्याचा आहे पण आळीपाळीने खेळायला आणि रिमोट हातात बसवायला फार छान. क्रिकेट २४ आहे, फुटबॉलचा एफसी आहे, दोन्ही एकाच संघात खेळा म्हणजे भावंडांची भांडणं अर्धी होतात. माइनक्राफ्ट चार जणांत स्क्रीन वाटून खेळता येतो आणि मिळून घर बांधण्यात पोरं रमतात. इट टेक्स टू हा दोघांशिवाय चालतच नाही, नवरा-बायकोने खेळावा इतका सुंदर आहे, फक्त त्याची गोष्ट वेगळं व्हायला निघालेल्या आईबापाची आणि त्यांच्या मुलीची आहे, मुलांबरोबर लावणार असाल तर आधी स्वतः बघा. आणि एक आवर्जून सांगायचंय, राजी नावाचा गेम आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलाय, २०२० ला आधी स्विचवर आणि मग बाकी मशीनवर आला, भावाला शोधायला निघालेली मुलगी आणि असुर, देवळं, किल्ले, निवेदनाला दुर्गा आणि विष्णू. एकट्याचा आहे, जरा मोठ्या मुलांसाठी, पण सगळ्यांनी बसून बघावा असा आहे आणि आपल्या गावात असलं काही बनतं हे पोरांना कळायलाच हवं.

कव्हरवर वयाचा आकडा असतो, ३, ७, १२, १६, १८, तो बघितल्याशिवाय बिल करू नका. सगळ्यांकडे आहे म्हणून जीटीए हा गुन्हेगारी-मारामारीचा गेम मागतील, त्यावर १८ लिहिलंय आणि ते बरोबर लिहिलंय, दहा वर्षांच्या मुलाला नाही म्हणजे नाही.

घरी आणला की मुलांच्या हातात देण्याआधी एक संध्याकाळ तुम्ही घ्या. आधी अपडेट होऊ द्या, त्याला खूप वेळ लागतो आणि तोवर पोरं रडकुंडीला येतात. मग मोठ्यांचं अकाउंट मुख्य आणि मुलांचं वेगळं, त्यांचं खरं वय टाकून, त्याखाली. तिन्ही कंपन्यांच्या सेटिंगमध्ये किती वेळ, कुठल्या वयाचे गेम, अनोळखी माणसाशी बोलणं चालू की बंद, खरेदी करता येते की नाही हे सगळं ठरवता येतं, त्यासाठी तिघांचंही मोबाईल अॅप आहे. कार्ड सेव्ह करून ठेवू नका. फोर्टनाइट फुकट आहे, रोब्लॉक्स फुकट आहे, पण आतमध्ये कपडे, नाच, नाणी यांना पैसे लागतात, फुटबॉलच्या गेममध्ये खेळाडूंची पाकिटं विकतात आणि पाकिटात कोण निघेल हे आधी कळत नाही, हा प्रकार मला अजिबात पटत नाही आणि मुलांना ते जुगारासारखं का आहे हे स्पष्ट सांगा.

वेळेचं मात्र घड्याळावर ठरवू नका, राउंडवर ठरवा. मारिओ कार्टची एक शर्यत तीनेक मिनिटांची, चार शर्यतींचा एक कप, म्हणजे दोन कप झाले की बंद, हे पोराला समजतं आणि पटतं पण. ऑनलाइन मॅच मध्येच थांबवता येत नाही, सोडली तर हरल्यात जमा, आणि आपण नेमकं तेव्हाच बंद कर म्हणून ओरडतो, मग रिमोट आपटला जातो, रडारड होते आणि सगळा दोष गेमचा. त्यापेक्षा सुरू करण्याआधीच ठरवा, जेवायला अर्धा तास आहे, त्यात जे संपेल तेच लावायचं. आणि मूल सलग महिनोन्महिने झोप, जेवण, शाळा, मित्र सगळं सोडून खेळावरच अडकलंय असं दिसलं तर नुसतं ओरडू नका, डॉक्टरांशी बोला, गेमिंगच्या विकाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत रीतसर जागा आहे, आणि ती यादी २०२२ पासून लागू झाली.

टीव्हीला एचडीएमआय असलं की झालं, नवीन टीव्ही घ्यायची गरज नाही, फक्त टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर गडी उशिरा उडी मारतो. मशीन बंद कपाटात कोंबू नका, मागे हवा खेळू द्या, पावसाळ्यात ओल येते त्या भिंतीपासून लांब. लाइट जाण्याचा त्रास असेल तर पीएस ५ ला छोटा यूपीएस बरा, स्विचला स्वतःची बॅटरी आहे त्यामुळे टीव्ही बंद पडला तरी खेळ जात नाही.

सेकंडहँड घेत असाल तर दुकानातच तासभर चालवून बघा, पंख्याचा आवाज, डिस्क घेतो का, आणि रिमोटची दांडी सोडल्यावर गडी आपोआप एका बाजूला सरकतो का, सरकला तर तो रिमोट खराब आहे. जुन्या मालकाचं अकाउंट तुमच्यासमोर काढायला लावा. आणि खोका, बिल, वायरी सगळं जपून ठेवा. दोन-तीन महिने कोणी हात लावला नाही तर उगाच ठेवून देऊ नका, दिवाळीच्या सेलमध्ये नव्याचे भाव उतरतात, त्याच्या आधीच विकून टाका.