कोकणातल्या अंगणात लाकडी डेक बांधताना

वखारीत सागवान निवडताना फळीच्या कडेला फिकट, पांढुरका पट्टा दिसला तर ती फळी बाजूला काढा. हा सालीजवळचा भाग. सागाचा टिकाऊपणा तपकिरी गाभ्यात असतो. वाळवी आणि बुरशी या पट्ट्यापासूनच सुरुवात करतात. कोवळ्या, लागवडीच्या सागात तो चांगलाच रुंद असतो आणि ‘स्वस्तात मिळतोय’ म्हणून गळ्यात मारला जाणारा माल बहुधा तोच. फळ्यांना खालून आधार देणाऱ्या वाशांना ऐनाचं लाकूड चालेल, ऐन मजबूत असतो, पण ओला लावलात तर वाळताना चिरतो आणि पिळतो.

१० × १२ फुटांच्या डेकला, म्हणजे फळ्यांच्या उघड्या ओट्याला, ४ इंच रुंद, १ इंच जाड, १२ फुटी फळ्या २८ लागतात. वासे २ × ४ इंची, १० फुटी, १६ इंचांवर एक असे १०. ही मापं रंधा मारल्यानंतरची. चिरताना फळी सव्वा इंच जाड, सव्वाचार इंच रुंद घ्यावी लागते, त्यामुळे फळ्यांचं बिल सव्वानऊ नव्हे, साडेबारा घनफुटांच्या आसपास येतं. खरेदी दिवाळीनंतर करा. मधे इंचभराच्या पट्ट्या घालून सावलीत थप्पी लावा, निदान तीन-चार महिने. बांधकाम एप्रिलमध्ये.

वासे दर साडेतीन फुटांच्या आत टेकवा, पण थेट जांभ्याच्या चिऱ्यावर नको. जांभा पाणी धरून ठेवतो आणि वासा खालून कुजतो. वरून काहीच कळत नाही. जुन्या घरांत खांबाखाली तळखडा, म्हणजे दगडी बैठक, असायचा तो उगाच नाही. काँक्रीटचा ठोकळा घ्या, वर रबराचा तुकडा. वाशाच्या माथ्यावर बिटुमेनची (डांबराची) टेप चिकटवा, कारण फळी आणि वासा जिथे टेकतात तिथलं पाणी सर्वांत शेवटी सुकतं.

दोन फळ्यांत ६ मिमी फट. टेप घेऊन मोजत बसू नका, ६ मिमी सळीचे चार तुकडे मधे ठेवा आणि फळी दाबून आवळा. फट न ठेवता ठोकलेल्या फळ्या जुलैत फुगून उचलतात.

साधे खिळे वापरूच नका. सागातलं टॅनिन (लाकडातला तुरट अंश) लोखंडाला लागलं की काळे ओघळ येतात. समुद्राजवळ ३१६ ग्रेडचे स्टेनलेस स्क्रू, ६० मिमी. प्रत्येक वाशावर फळीला दोन, म्हणजे ५६०. सहाशे आणा. टोकापासून इंचभर आत, आधी ड्रिल करूनच, नाहीतर फळी तडकते.

व्हार्निश नको. त्याचा पापुद्रा उन्हात तडकतो, पाणी आत शिरतं आणि बाहेर येत नाही. लाकडात मुरणाऱ्या तेलाचे दोन हात पुरेत, कापलेल्या टोकांना मात्र चार, कारण टोकं पाणी शोषतात. तेल दरवर्षी मे महिन्यात.

पावसाळ्यात फटींत आंब्याची पानं अडकतात आणि पाणी तुंबतं. पंधरा दिवसांतून एकदा हॅक्सॉचं जुनं पातं फिरवून ती काढा.