घरचं कांदा बी धरताय? मातृकांद्याची निवड मजुरावर सोडू नका

दिवाळीच्या आगेमागे पुणे जिल्ह्यातल्या कांदा उत्पादकाला उसंत नसते. गरव्या, म्हणजे रब्बी कांद्याचं रोप टाकायचं असतं आणि कांदाचाळीत (साठवणीच्या हवेशीर छपरात) उरलेला माल चाकणला न्यायचा की अजून थांबायचं, याचा घोळही सुरू असतो. याच दिवसांत आणखी एक काम येतं, आणि नेमकं तेच घाईत उरकलं जातं: पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी मातृकांदे निवडून लावणं. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबरचा मध्य हा त्याचा काळ. हा सल्ला त्या कामापुरता आहे.

खेड, जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पुरंदर, दौंड या भागांत घरचं बी धरणारे शेतकरी आजही भरपूर आहेत, आणि ते धरावंच असं माझं स्पष्ट मत आहे. २०२० साली कांदा बियाण्याची टंचाई इतकी वाढली की ऑक्टोबरअखेर केंद्र सरकारने त्याची निर्यात थांबवली. त्या हंगामात ज्यांच्या डब्यात स्वतःचं बी होतं त्यांना कोणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही. पण घरचं बी धरणारा प्रत्येक जण, त्याच्या ध्यानात येवो न येवो, वाणाची पैदासच करत असतो. कोणता कांदा बियाण्याला ठेवला आणि कोणता बाजारात गेला, यावर पुढच्या पिढीचा रंग, आकार आणि टिकाऊपणा ठरतो. हडपसरच्या पुढे असलेल्या फुरसुंगीच्या शेतकऱ्यांनी अशीच वर्षानुवर्षं निवड केली, म्हणून ‘पूना फुरसुंगी’ हे नाव आज गावोगावच्या कृषी सेवा केंद्रात ऐकू येतं. एन-२-४-१ हा जुना रब्बी वाणही स्थानिक कांद्यातून निवड करूनच पुढे आला. हीच निवड उलट्या दिशेने केली तर चांगला वाण काही वर्षांत बिघडतो.

डेंगळ्याचं बी नको

बिघडवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे पिकात आलेल्या डेंगळ्यांचं, म्हणजे कांदा पोसण्याआधीच निघालेल्या फुलांच्या दांड्यांचं, बी गोळा करणं. खर्च काहीच नाही, गोंडे (दांड्यावरचे फुलांचे झुपके) आयतेच मिळतात, म्हणून हा मोह होतो. असं बी स्वस्तात विकायलाही येतं.

कांदा मुळात दोन हंगामांचं पीक. पहिल्या हंगामात कांदा पोसायचा आणि दुसऱ्या हंगामात फुलायचं, हा त्याचा धर्म. रोप पुरेसं मोठं झालेलं असताना काही आठवडे ८ ते १२ अंशांच्या आसपास थंडी मिळाली की फुलाचा दांडा निघतो. आता एकाच वावरात, एकाच थंडीत काही झाडं डेंगळे देतात आणि शेजारची देत नाहीत, यात लागवडीची वेळ आणि रोपाचं वय यांचा वाटा आहेच. पण काही भाग रक्तातलाही असतो. थोड्या थंडीने फुलणाऱ्या झाडांचंच बी तुम्ही धरलंत, तर पुढच्या पिढीत तशी झाडं वाढणार. दोन-तीन पिढ्या हेच चाललं की ‘यंदा डेंगळे फार निघाले’ अशी तक्रार दरवर्षी करावी लागते आणि दोष हवामानावर जातो.

दुसरा तोटा याहून मोठा आहे. डेंगळा आलेल्या झाडाचा कांदा नीट पोसलेलाच नसतो. त्याचा रंग कसा आला असता, तो एकडोळी (आत एकच कोंब असलेला) होता की जोड, चाळीत किती महिने टिकला असता, यातलं काहीच तुम्हाला कळलेलं नसतं. म्हणजे निवड न करताच बी धरलं गेलं. आपल्या रब्बी वाणांसाठी कांद्यापासून बी, हाच मार्ग योग्य.

चाळीत काय पाहायचं

एप्रिल-मेमध्ये चाळीत भरलेला कांदा ऑक्टोबरपर्यंत पाच-सहा महिने उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही सोसून आलेला असतो. सडणारे सडले, मोड येणारे मोडले, वजन टाकणारे सुकले. जे ठणठणीत उरले त्यांची परीक्षा चाळीनेच घेतली आहे. टिकाऊपणासाठी याहून चांगली निवडचाचणी शेतकऱ्याच्या हाताशी दुसरी नाही. म्हणून रब्बी वाणाचे मातृकांदे मे महिन्यातच वेगळे काढून टोपलीत घरात जपून ठेवू नका. ते चाळीतच राहू द्या आणि आता उरलेल्यांतून निवडा.

निवडताना पहिला नियम: सगळ्यात मोठा कांदा घेऊ नका. साधारण ५० ते ८० ग्रॅमचा, वाणाच्या मूळ आकाराचा, बारीक मानेचा घ्या. जाड मान म्हणजे कांदा उशिरा पक्व झाला आणि मानेतून कुज शिरायला वाट राहिली. साल घट्ट, डबल पत्तीची असावी, कारण सुटलेल्या सालीचा कांदा बाजारातही मागे पडतो. रंग एकसारखा हवा. कोंब बाहेर डोकावत असेल तर तो बाजूला टाका. लावणीला सोयीचा म्हणून कोंब आलेलाच कांदा उचलतात, पण तुम्ही त्यातून लवकर मोड येण्याचा गुण निवडत असता.

मग प्रत्येक कांद्याचा वरचा एक तृतीयांश भाग आडवा कापा. आत एकच डोळा दिसला तर ठेवा. दोन-तीन डोळे असतील तर तो जोड कांद्याच्या वंशातला समजून स्वयंपाकघरात पाठवा. जास्त डोळ्यांचा कांदा जास्त दांडे देतो, म्हणून काही जण मुद्दाम तसा कांदा लावतात. बी थोडं वाढेलही, पण पुढच्या वर्षी वावरात जोड कांदे निघतील. कापल्यामुळे कोंबही लवकर आणि एकसारखे फुटतात. कापलेले कांदे कार्बेन्डाझिमच्या द्रावणात (लिटरला १ ते २ ग्रॅम) बुडवून मगच लावा.

आता संख्येचं. इथे चांगले चांगले शेतकरी चुकतात. फार चोखंदळपणे २०-२५ देखणे कांदे निवडतात आणि बांधाकडेला लावतात. कांदा हे परपरागीभवनाचं पीक आहे. त्याच्या फुलात परागकण आधी बाहेर पडतात आणि त्याच फुलाचा स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे मधमाशी दुसऱ्या फुलावरून जे आणेल त्यावर बी धरतं. अशा पिकाला जवळच्या नात्यातला संकर सोसत नाही. संशोधन केंद्रात कांद्याचं मुद्दाम स्वपरागीभवन केलं की दोन-तीन पिढ्यांतच झाडं खुरटतात आणि बी कमी धरतं. पंचवीस कांद्यांतून दरवर्षी बी धरत राहिलं तर हेच हळूहळू घरच्या वावरात होतं.

हिशेब सोपा आहे. एकरभर कांद्याला ३ ते ४ किलो बी लागतं. एका मातृकांद्यापासून १० ग्रॅमच्या आसपास बी मिळेल असं धरलं, तर ३०० ते ४०० कांदे लावावे लागतात. ६० बाय ३० सेंटिमीटरवर ४०० कांद्यांना पाऊण गुंठा पुरतो. गरज कमी असली तरी २००-३०० च्या खाली जाऊ नका.

पांढरा कांदा निघतोच का?

‘लाल वाण आहे, दरवर्षी पांढरे काढून टाकतो, तरी निघतातच,’ हा प्रश्न हमखास येतो. याचं उत्तर आनुवंशिकतेत आहे. रंग देणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती प्रत्येक कांद्यात असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. एक प्रत चांगली असली तरी कांदा लाल दिसतो. दोन्ही बिघडलेल्या असतील तरच तो पांढरा होतो. म्हणजे पांढरेपणा लाल कांद्यात लपून राहू शकतो. समजा शंभरात एक कांदा पांढरा निघतो. मग गणिताने त्याच शंभरात साधारण १८ लाल कांदे असे असतात, ज्यांच्यात पांढऱ्याची एक प्रत दडलेली आहे. तुम्ही तो एक पांढरा काढलात, १८ तसेच राहिले. पुढच्या पिढीत हजारात दहाऐवजी आठ-नऊ पांढरे निघतील, इतकाच फरक. म्हणून पांढरे काढत राहा, पण दोन वर्षांत वाण शुद्ध होईल अशी अपेक्षा धरू नका.

पांढऱ्याची आणखी एक जात असते. तिच्यात रंग दाबून टाकणारं प्रभावी जनुक असतं. शेजारी तसा पांढरा कांदा फुलात असेल, तर तुमच्या लालातून फिकट, मळकट रंगाचे कांदे निघू लागतात. असे कांदे अचानक वाढले तर बाहेरचे परागकण आले असं समजा आणि त्या वर्षीचं बी धरू नका.

बाहेरचे परागकण रोखायला अंतर लागतं. दुसऱ्या वाणाच्या फुलोऱ्यापासून प्रमाणित बियाण्यासाठी ५०० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी १००० मीटर अंतराचा नियम आहे. दोन-तीन एकरांच्या तुकड्यांत हे एकट्याला जमत नाही. वस्तीवरच्या पाच-सहा जणांनी बसून एकच वाण ठरवला तर अडचण बरीचशी सुटते. आणि आसपासच्या कांद्यात आलेले डेंगळे फुलण्याआधी मोडा. तुमच्या बियाण्यात ते परागकण सोडतातच.

संकरित वाणाचं बी धरू नये

संकरित कांद्याचं बी नरवंध्य ओळ, म्हणजे कामाचे परागकण न देणारी झाडं, वापरून तयार करतात. १९२५ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे हेन्री जोन्स यांना ‘इटालियन रेड’ वाणात बी न धरणारं एक झाड सापडलं. त्याच्या गोंड्यात बियांऐवजी लहान लहान कांद्या आल्या होत्या, त्यांवरून ते टिकवता आलं. नरवंध्यता झाडाच्या पेशीद्रव्यातून, म्हणजे आईकडून, येते आणि केंद्रकातलं एक जनुक ती दूर करू शकतं, हे जोन्स आणि क्लार्क यांनी १९४३ मध्ये मांडलं. जगभरच्या संकरित कांद्याचा पाया तिथला. शेतकऱ्याच्या दृष्टीने अर्थ इतकाच: संकरित कांदा लावलात तर त्यातली पुष्कळ झाडं स्वतःचे परागकण देणारच नाहीत असं होऊ शकतं, आणि जे बी धरेल त्यातून आकार, रंग, पक्वता सगळं विखुरलेलं निघेल. घरच्या बियाण्याला सरळ, म्हणजे संकरित नसलेला, वाणच घ्या.

सरळ वाणाचंही मूळ बी तीन-चार वर्षांनी बदला. त्यासाठी आपल्या जिल्ह्याला लांब जावं लागत नाही. कांदा व लसूण संशोधन संचालनालय राजगुरुनगरला, भीमेच्या काठी आहे आणि त्यांचे वाणही नदीच्या नावाने ओळखले जातात. रब्बीसाठी भीमा किरण, रांगड्यासह (खरीप आणि रब्बी यांच्या मधल्या हंगामासह) रब्बीसाठी भीमा शक्ती. राहुरी कृषी विद्यापीठाचा एन-२-४-१ आहेच.

लावणीपासून डब्यापर्यंत

लावणीचं थोडक्यात. निचऱ्याची जमीन, ठिबक असेल तर उत्तम. कापलेली बाजू वर ठेवून कांदा मातीत झाकला जाईल इतका लावा. डिसेंबर-जानेवारीत ढगाळ हवा आणि धुकं आलं की दांड्यांवर करपा चढतो आणि दांडा मध्येच मोडतो. मॅन्कोझेब लिटरला २.५ ग्रॅम, आणि पात मेणचट असल्याने सोबत चिकट द्रव्य हवंच. फुलकिड्यांवरची कीटकनाशकाची फवारणी फुलं उमलण्याआधी संपवा. फुलोऱ्यात कीटकनाशक मारलं की मधमाश्या जातात आणि गोंडे पोकळ राहतात. शेजारच्यालाही हे सांगून ठेवा.

गोंड्यातली काही बोंडं तडकून काळं बी दिसू लागलं की काढणी सुरू करा. सगळे गोंडे एकदम तयार होत नाहीत, दोन-तीन वेळा काढावे लागतात. सकाळी, दव असताना, १० ते १५ सेंटिमीटर दांडा ठेवून कापा, म्हणजे बी गळत नाही. दुपारच्या उन्हात तापलेल्या काँक्रीटवर बी वाळवू नका.

कांद्याचं बी अल्पायुषी. साध्या पिशवीत ठेवलं तर वर्षभरातच उगवण घसरते, आणि आपलं बी तर एप्रिलमध्ये तयार होऊन पुणे जिल्ह्याचा पूर्ण पावसाळा काढून ऑक्टोबरला रोपवाटिकेत जातं. म्हणून ओलावा ८ टक्क्यांच्या आत आल्यावरच साठवा; हवाबंद डब्यात भरायचं असेल तर ६ टक्के. ओलसर बी डब्यात बंद केलं तर ते आणखी लवकर मरतं. डब्यावर वाण आणि साल लिहा. रोप टाकण्याआधी पंधरवडाभर शंभर बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा, फडकं सुकू देऊ नका, बाराव्या दिवशी मोजा. सत्तरच्या खाली आलं तर ते बी टाकू नका. दुसरं मिळवायला अजून वेळ हातात असतो.