लाकडी जहाजाचं मॉडेल: बारकाव्यांच्या नादात होणाऱ्या या चुका टाळा

माझ्या दुसऱ्या जहाजाच्या डेकवर मी १,१०० च्या आसपास लाकडी खिळे बसवले होते. एकेक भोक पाडायचं, गोंदात बुडवलेली टूथपिक खुपसायची, टोक छाटायचं, कानस फिरवायची. दोन महिन्यांच्या रात्री त्यात गेल्या. शेवटी तेलाचा हात दिला आणि टूथपिकच्या प्रत्येक टोकाने आजूबाजूच्या लाकडापेक्षा जास्त तेल पिऊन काळसर ठिपका उमटवला. सगळ्या डेकला गोवर उठला.

हिशेब नंतर केला. मॉडेल १:६४ चं, म्हणजे खऱ्या जहाजाच्या चौसष्टाव्या भागाएवढं, टूथपिकचं टोक दीड मिलिमीटर. दीड गुणिले ६४ म्हणजे ९६ मिलिमीटर. माझ्या जहाजाच्या फळ्या मुसळाएवढ्या जाड खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या! खऱ्या जहाजांचे लाकडी खिळे साधारण एक ते दीड इंच जाड असत, म्हणजे या स्केलला जेमतेम ०.४ ते ०.६ मिलिमीटर. ते करायचे तर बांबूची बारीक काडी तारा ओढायच्या पट्टीच्या भोकांतून ओढून काढावी लागते. नाहीतर न केलेले बरे. न दिसणारा खिळा खोटा वाटत नाही, मोठा दिसणारा मात्र वाटतो.

बारकाव्याच्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात. वस्तू बरोबर असते, जाडी चुकते.

आधी भागाकार, मग सुरी

किटमध्ये आलेलं सामान स्केलप्रमाणेच असेल असं गृहीत धरू नका. पितळी खिळ्यांची एक मिलिमीटरची डोकी १:६४ ला जवळजवळ साडेसहा सेंटिमीटरची होतात. तांब्याच्या पत्र्यांवरचे खिळे दाखवणारे उठावदार फोड तर विचारूच नका. ब्रिटिश आरमारात जहाजाच्या तळाला साधारण ४ फूट बाय १४ इंचांचे पत्रे ठोकत. १:६४ ला तो पत्रा १९ बाय साडेपाच मिलिमीटर भरतो. त्याचे खिळे पत्र्याच्या पातळीत बसवलेले असत, त्यामुळे हातभर अंतरावरूनही मॉडेलवर फोड दिसत असतील तर ते जास्तच आहेत. पत्रे चिकटवण्याआधी पालथे धरून गुळगुळीत लाकडावर दाबले की फोड बरेच बसतात.

सगळ्यात स्वस्त कसोटी म्हणजे पुठ्ठ्याचा माणूस. १७० सेंटिमीटरचा माणूस १:६४ ला साडेसव्वीस मिलिमीटरचा होतो. तो कापून ठेवा आणि डेकवर उभा करत राहा. कठडा त्याच्या डोक्यावरून जातो का? जिन्याच्या पायऱ्या गुडघ्याएवढ्या उंच आहेत का? दारातून जाताना तो अडतो का? नकाशा वाचून ज्या चुका सापडत नाहीत, त्या हा पुठ्ठेबहाद्दर पाच मिनिटांत दाखवतो.

डेकच्या फळ्यांमधली डांबराची रेघ हीसुद्धा जाडीचीच गोष्ट आहे. प्रत्येक फळीच्या एकाच कडेवर मऊ पेन्सिल ओढली की पुरे. दोन्ही कडांवर ओढलीत तर रेघ दुप्पट होते. मार्कर वापरलात तर व्हार्निश लावताच शाई लाकडाच्या रेषांमध्ये पसरते, आणि मग तो फळ्यांचा थर खरवडून काढण्यावाचून गत्यंतर नाही.

प्लँकिंग: नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, होणारा गुंता

आता खरा मुद्दा. सांगाड्यावर फळ्या चढवताना जे बिघडतं ते नंतर कितीही कोरीवकाम केलं तरी झाकलं जात नाही. लोक तोफांवर आठवडे घालवतात आणि सांगाडा घासून एका वळणात आणण्यावर एक संध्याकाळ. प्रमाण उलटं हवं.

पहिली चूक इथेच होते. पुढच्या आणि मागच्या बल्कहेडच्या (सांगाड्यातल्या आडव्या पाट्यांच्या) कडा तिरप्या घासलेल्या नसतात, म्हणून फळी पूर्ण रुंदीवर न टेकता नुसत्या धारेवर टेकते. मग बाहेरून बघितलं की हलवर, म्हणजे जहाजाच्या बाहेरच्या अंगावर, बरगड्या मोजता येतात. फळ्या लावण्याआधी एक लवचिक पट्टी सगळ्या बल्कहेडवरून वेगवेगळ्या उंचीवर वाकवून बघा. जिथे ती उचलली जाते तिथे लाकडाची चकती चिकटवा, जिथे ढोपर येतं तिथे घासा. डोळ्यापेक्षा बोटांवर विश्वास ठेवा. डोळे मिटून हात फिरवला की अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटाही लागतो.

दुसरी चूक म्हणजे सगळ्या फळ्या एकाच रुंदीच्या लावत जाणं. जहाजाचा घेर मधोमध जास्त आणि नाळेकडे कमी असतो. समजा मध्यभागी कठड्यापासून कीलपर्यंत (तळाच्या कण्यापर्यंत) १२० मिलिमीटर भरतात आणि तुमची फळी ५ मिलिमीटरची आहे, म्हणजे २४ फळ्या. नाळेपाशी तेच अंतर ७२ मिलिमीटर असेल तर तिथे प्रत्येक फळी ३ मिलिमीटरची व्हायला हवी. ती निमुळती केली नाही तर फळ्या एकमेकींवर चढू लागतात, वर वळतात, आणि शेवटी कुठेतरी केळीच्या पानाच्या आकाराचं भोक उरतं. त्यात पाचर ठोकून लोक वेळ मारून नेतात.

उपाय कंटाळवाणा आहे पण अचूक आहे. प्रत्येक बल्कहेडच्या कडेने कागदाची पट्टी लावून अंतर घ्या, त्याचे २४ समान भाग करा आणि खुणा बल्कहेडवर उतरवा. मग फळी बसवण्याआधीच तिची रुंदी कुठे किती हवी ते कळतं. भागाकारात नाळेपाशी फळी मूळ रुंदीच्या निम्म्याहून कमी येत असेल, तर तितकी निमुळती करू नका. खरे सुतारही करत नसत, कारण इतक्या अरुंद टोकात खिळा मारायला जागाच राहत नाही. दोन फळ्या अलीकडेच थांबवून त्यांच्यापुढे एकच फळी न्यायची असते. मागच्या बाजूला बहुतेक जहाजांत उलट होतं. घेर वाढतो, म्हणून तिथे जादा पाचरीसारखी फळी घालावी लागते.

तिसरी चूक कीललगतच्या पहिल्या फळीची. ती नाळेकडे जितकी वर चढेल तितकी सुंदर दिसते, म्हणून नवखा माणूस तिला वर जाऊ देतो. पण तिने वर खाल्लेली जागा पुढच्या प्रत्येक फळीला द्यावी लागते. तिला खालीच थांबवा.

आणि फळी आडवी वाकवू नका. चपट्या बाजूने ती हवी तशी वळते. कडेच्या बाजूने दाबली की तिची एक धार उचकटते, आणि टाचण्या काढल्यावर ती पुन्हा वर येते. कडेचं वळण हवं असेल तर रुंद पट्टीतून ते वळण कापून घ्या, नाहीतर थोडं ओलं करून, क्लॅम्पने बांधून, इस्त्रीच्या उष्णतेने आधीच बसवा. ओलं करणं म्हणजे रात्रभर बादलीत टाकणं नव्हे. पातळ पट्टीला १०-१५ मिनिटं पुरतात. जास्त भिजलेली फळी फुगते आणि ओलीच चिकटवली तर वाळल्यावर आक्रसून फटी सोडते. वाकवा, बांधून ठेवा, पूर्ण वाळू द्या, मग गोंद.

फटी पडल्याच तर? पुटी भरून वर पॉलिश करायचा विचार असेल तर तो सोडा. पुटीचा रंग लाकडासारखा कधीच होत नाही. त्याच लाकडाची कातळी तासून फटीत बसवा. पुटी फक्त दुहेरी प्लँकिंगच्या आतल्या थराला किंवा रंगवायच्या भागाला.

गोंद

थोडक्यात सांगतो. पीव्हीए, म्हणजे लाकडाचा पांढरा गोंद, सांडला तर लगेच ओल्या फडक्याने पुसा. वाळलेला गोंद डोळ्यांना दिसत नाही, पण स्टेन किंवा तेल लावलं की तिथे पांढुरके डाग उमटतात. इन्स्टंट ग्लूचे डाग त्याहून वाईट. चूक उकलायची असेल तर पीव्हीए आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ होतो, इन्स्टंट ग्लू ॲसिटोनने. खिडकी उघडी ठेवून करा, आणि घासकाम करताना मास्क लावा.

लाकडाच्या रेषाही स्केलमध्ये हव्यात

अक्रोडाचं लाकूड ताटलीएवढ्या तुकड्यात देखणं दिसतं. पाच मिलिमीटरच्या फळीवर त्याची उघडी छिद्रं ओरखड्यांसारखी दिसतात. म्हणून अनुभवी लोक नासपती, बॉक्सवुड, मेपल अशी घट्ट, बारीक रेषांची लाकडं घेतात. त्यांची धारही तीक्ष्ण राहते. कोरीवकामासाठी तर हे जवळजवळ सक्तीचंच आहे. मऊ लाकडात मूर्तीचं नाक हमखास उडतं.

जहाज कुठल्या सालातलं?

ही चूक कारागिरीची नाही, पण चांगल्या कारागिरांकडूनच होते. एचएमएस व्हिक्टरी ही ब्रिटिश युद्धनौका १७६५ मध्ये पाण्यात उतरली. १७८० मध्ये तिच्या तळाला तांब्याचे पत्रे लागले. १८०३ मध्ये संपलेल्या मोठ्या डागडुजीत तिच्या मागचे उघडे सज्जे बंद झाले आणि नाळेवरची मोठी मूर्ती जाऊन लहान आली. आता कोणी उघड्या सज्ज्यांची व्हिक्टरी करून तिला तांबं आणि ट्रफाल्गरच्या लढाईच्या (१८०५) वेळचे रंगाचे पट्टे दिले, तर प्रत्येक बारकावा अचूक असूनही ते जहाज कधीच अस्तित्वात नव्हतं. एक साल ठरवा, ते कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा.

रंगाचंही तसंच. स्वीडनचं वासा हे जहाज १० ऑगस्ट १६२८ ला पहिल्याच सफरीत स्टॉकहोममध्ये बुडालं आणि १९६१ मध्ये वर काढलं गेलं. बरीच वर्षं त्याच्या मागच्या कोरीवकामाची पार्श्वभूमी निळी समजली जाई. रंगांच्या कणांचा अभ्यास झाला तेव्हा ती लाल निघाली. व्हिक्टरीचा पिवळाही रंगांचे जुने थर तपासल्यानंतर २०१५ मध्ये बदलून फिकट गुलाबीकडे झुकणारा झाला. तेव्हा जुन्या किटच्या खोक्यावरचा फोटो पुरावा मानू नका.

दोर: इंच कशाचे, ते बघा

रिगिंगमध्ये, म्हणजे डोलकाठ्या आणि शिडांच्या दोरांत, सगळ्यात महागात पडणारी चूक आकड्यांची आहे. जुन्या तक्त्यांत दोराचा आकार घेरात दिलेला असतो, व्यासात नाही. '१८ इंची' मुख्य दोर म्हणजे १८ इंच घेराचा. त्याला ३.१४ ने भागा, व्यास ५.७ इंच येतो आणि १:६४ ला साधारण २.३ मिलिमीटर. हेच १८ इंच व्यास समजून केलं तर सात मिलिमीटरचा सोट डोलकाठीला बांधून बसाल. डोलकाठीची मापं मात्र व्यासातच असतात, म्हणून गोंधळ होतो.

किटमधला सुती दोरा केसाळ असतो, आणि दमट हवेत ढिला-ताठ होत राहतो. पॉलिएस्टरचा पिळून केलेला दोर या दोन्ही बाबतींत बरा. आणि सगळे दोर एकाच रंगाचे करू नका. डोलकाठीला कायमचे धरून ठेवणारे दोर डांबर लावलेले, म्हणून गडद असतात. शिडं ओढण्या-सोडण्याचे फिके.

रॅटलाइन, म्हणजे श्राउडवर (डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या दोरांवर) चढायच्या दोरीच्या पायऱ्या, हा संयमाचा कस. नेहमीची तक्रार असते, 'माझे श्राउड मध्ये डमरूसारखे बारीक झाले.' कारण एकच. प्रत्येक गाठ आवळताना आपण दोन कडांचे दोर आत खेचतो. एका गाठीत काही जाणवत नाही, चाळिसाव्या ओळीला जाणवतं. यासाठी कागदावर श्राउडचा खरा आकार आणि आडव्या रेघा आखून तो मागे लावा. खऱ्या जहाजावर पायऱ्या १३ ते १५ इंचांवर असत, म्हणजे १:६४ ला पाच ते सहा मिलिमीटर. आधी दर पाचवी ओळ बांधा म्हणजे आकार पक्का होतो, मग मधल्या भरा. दर काही ओळींनी पट्टी लावून कडा तपासा. डमरू झालाच असेल तर पाणी शिंपडून, ताण देऊन काही उपयोग नाही. जिथून बिघडलं तिथपर्यंत कापून पुन्हा बांधा. मी एकदा २६ ओळी कापल्या आहेत, शिव्या देत.

बांधायचा क्रमही आतून बाहेर ठेवा. बाहेरचे दोर आधी ओढले की आतल्या दोर बांधायच्या खुंटीपर्यंत चिमटा पोचत नाही, आणि कोपर लागून एखादा परबाण (शिडाचा आडवा वासा) मोडतो.

शेवटी खुंट्यांवर लटकणारी दोरांची वेटोळी. पातळ दोऱ्याला वजन नसतं, म्हणून ती हवेत उभी राहतात, जणू जहाजावर गुरुत्वाकर्षणच नाही. खुंटीवरच गुंडाळत बसू नका. पुठ्ठ्यात दोन टाचण्या रोवून त्यांच्याभोवती वेटोळी करा, पाण्यात पातळ केलेल्या पीव्हीएचा एक थेंब द्या, ओली असतानाच खाली ओढून पोट लोंबतं करा आणि वाळल्यावर खुंटीवर अडकवा. मूळ दोराची टोकं मात्र लगेच छाटू नका. दोन दिवस तशीच ठेवा. कुठला तरी दोर हमखास सैल पडतो, आणि तेव्हा ओढायला टोक हाताशी लागतं.