शब्बाथशाळेत त्रैक्य, देहधारण आणि पुनरुत्थान कसं शिकवावं

मिरजेत मी शब्बाथशाळेचा, म्हणजे चर्चमध्ये मुलांना बायबल शिकवतात त्या शाळेचा, मधला वर्ग घेते, सात ते दहा वर्षांची मुलं. नव्या शिक्षिका हमखास विचारतात, "बाई, त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून देव एकच, हे सोपं करून कसं सांगायचं?" माझं म्हणणं असं, की सोपं करायला जाऊच नका. देवाने जे केलं ते मुलांपुढे नीट मांडा आणि त्याच्यापुढे हात जोडायला शिकवा.

पाणी, बर्फ आणि वाफेचं उदाहरण आधी सोडा. एकच पाणी रूपं बदलतं, तसा पिताच पुत्र झाला असं मुलांच्या डोक्यात बसतं. तिसऱ्या शतकात सबेल्लियसची शिकवण अशीच होती आणि मंडळीने, म्हणजे चर्चने, ती नाकारली. त्यापेक्षा बायबलमधलं मत्तय 3 उघडा, येशूच्या बाप्तिस्म्याचं. फरशीवर खडूने यार्देन नदी काढा. कागदाचं कबुतर दोऱ्याने वरून खाली सोडा, आकाशवाणी दाराआडून कुणीतरी वाचावी. देवाचं सोंग मात्र कुणाला देऊ नका. पुत्र पाण्यात, आत्मा उतरतोय, पिता बोलतोय, आणि हे सगळं एकाच वेळी. मग विचारा, देव किती? एकच. "पण बाई, हे कसं?" असं कुणी विचारलं, तर सरळ सांगा: "देवाने आपल्याला एवढं दाखवलंय आणि ते खरं आहे. आपल्या बुद्धीत तो मावत नाही." उपासनेच्या शेवटी पाळकसाहेब आशीर्वाद देतात त्यात ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती आणि पवित्र आत्म्याची सहभागिता असते. ती कान देऊन ऐकायला सांगा.

सगळ्यात जास्त वेळ देहधारणाला, म्हणजे देव माणूस झाला या धड्याला, द्या. नाताळच्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या की हा धडा मागे पडतो, म्हणून नोव्हेंबरातच घ्या. मंडळीत कुणाकडे बाळ झालं असेल तर घरच्यांना विचारून चार-पाच मुलांना घेऊन जा. हात धुऊन बसवा. आजी टाळूवर तेल घालत असते ते बघू द्या, ती टाळू कशी धडधडते तेही. बाळाच्या मुठीत बोट द्यायला सांगा. मान धरत नाही, म्हणून आई मानेखाली हात घालते. तिथेच योहान 1:14 वाचा: शब्द देही झाला. ज्याने तारे केले, त्याची मान मरीयेला अशीच सांभाळावी लागली. एवढंच बोला आणि मुलांना बोलू द्या. येशूला भूक लागायची का? दमायचा का? रडायचा का? उत्तरं त्यांच्याकडूनच शोधून घ्या: मत्तय 4:2, योहान 4:6, योहान 11:35. लूक 2:52 वाचून वर्गाच्या चौकटीवर प्रत्येकाची उंची पेन्सिलीने मांडा. येशूही असाच वाढला.

उत्तम शुक्रवारवरून (गुड फ्रायडे, येशूच्या मरणाचा दिवस) थेट ईस्टरवर, त्याच्या पुनरुत्थानावर, उडी मारू नका. मधला शनिवार शिष्यांनी भीतीत काढला, तो मुलांना कळायला हवा. पुनरुत्थान सांगताना भुताची कल्पना येते, तेव्हा लूक 24 काढा. उठलेल्या प्रभूने भाजलेला मासा खाल्ला. हातापायांच्या खुणा तशाच होत्या. मुलांना हे खुणांचं फार लागतं. त्यावरून पुढे जाण्याची घाई करू नका.

ख्रिस्त आपल्यात आणि आपण त्याच्यात, हे सांगायला योहान 15 मधला द्राक्षवेल आणि त्याचे फाटे आहेत आणि आपल्याकडे तासगावच्या द्राक्षबागा आहेत. एप्रिलमध्ये खरड छाटणी चालू असते. छाटलेली काडी मुलांच्या हातात द्या, मग वेलीवरची दाखवा. द्राक्षवाल्यांची पोरं तुम्हालाच समजावून सांगतील.

प्रभुभोजनाला मुलं अजून बसत नसतील, तर पुढच्या बाकावर बसवून भाकर मोडताना बघू द्या. तिथे बोलणं कमी ठेवा.

प्रत्येक धड्यानंतर गाणं हवंच. कवी नारायण वामन टिळकांनी शेवटची वर्षं साताऱ्यात काढली. ख्रिस्ताची भक्ती त्यांनी अभंगात आणि भजनात आणली. त्यांची भजनं टाळांवर म्हणा. अर्थ विचारत बसू नका, आधी पाठ होऊ दे.

मुलांचे प्रश्न वहीत लिहून घ्या, विचारणाऱ्याच्या नावासकट. महिनाअखेरीस पाळकसाहेबांना वर्गात बोलवा आणि वही त्यांच्या हातात द्या. प्रश्न मात्र मुलांनाच वाचू द्या.